डीव्हीडी ऑथरिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? (संगीत नाटकाचं जुनं चित्रीकरण, ३ अंक, ३८ पदं)

पडद्यामागे

नमस्कार मंडळी,

आमच्या मिरजेच्या हौशी नाट्यमंडळाने २००१ साली केलेल्या एका संगीत नाटकाचं चित्रीकरण माझ्याकडे मिनीडीव्ही कॅसेटींवर आहे. पहिला अंक ७० मिनिटं, दुसरा ५५, तिसरा ४५. एकूण पावणेतीन तासांच्या वर आणि ३८ पदं. त्यातले बहुतेक कलाकार आता सत्तरी ओलांडलेले. ऑर्गनची साथ करणारे काका गेल्या वर्षी गेले, तेव्हापासून हे काम मनातून जात नाही. कॅसेटी फायरवायर केबलने संगणकावर उतरवून झाल्यात, तासाला १३ जीबीच्या हिशेबाने. आता त्याची मेन्यूसकट व्यवस्थित डीव्हीडी करायची आहे (यालाच ऑथरिंग म्हणतात), साठ प्रती.

व्यवस्थित म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं अडलंय ते तिथेच. 'पूर्ण नाटक' हे बटण दाबलं की नाटक कुठेही न अडखळता चालायला हवं. 'पदं' उघडलं की यादी यावी, एक पद निवडावं, ते संपलं की पुढच्या संवादात न शिरता परत यादीवर यावं. आणि 'सगळी पदं सलग' असं तिसरं बटण.

दहा वर्षांपूर्वी एका दुकानातून हेच करून घेतलं होतं. त्यांनी प्रत्येक पद कापून वेगळी फाईल केली आणि पूर्ण नाटक म्हणजे ते तुकडेच एकामागे एक लावून दिले. परिणाम असा की नट षड्ज लावतो आणि त्याच क्षणी चित्र गोठतं. सभागृहात ते लावलं तेव्हा ज्यांचं पद होतं ते उठून बाहेर गेले. ते मला परत होऊ द्यायचं नाही.

आतापर्यंत हाताळलेलं: डीव्हीडीस्टायलर (मोफत, मेन्यू पटकन होतो, पण पद मध्येच थांबवून यादीवर परत आणणं मला जमलं नाही), डीव्हीडी आर्किटेक्ट (मावसभावाकडे वेगास या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरबरोबर आलेलं, वापरायला फार सुटसुटीत), आणि त्याच्याच जुन्या स्टुडिओतल्या मशीनवरचं परवान्याचं अडोबीचं एन्कोर सीएस६. डीव्हीडी-लॅब प्रो उघडून पाहिलं, बाणांच्या जाळ्यात हरवले.

यातलं काय घेऊ? की आणखी वरचं काही लागेल?

---

सांधेजोड

ताई, मी २००२ ते २०१० मुंबईत ऑथरिंगचंच काम केलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे सॉफ्टवेअर निवडणं सोपं जाईल. डीव्हीडीवर चित्र एकदाच लिहिलेलं असतं, व्हीओबी फायलींत. ते कोणत्या क्रमाने वाजवायचं याच्या सूचना वेगळ्या असतात, आयएफओ फायलींत. त्या सूचनांच्या एका साखळीला पीजीसी म्हणतात. त्याच चित्रावर तुम्ही तीन, दहा, चाळीस साखळ्या लावू शकता. एक साखळी म्हणजे पूर्ण नाटक. एक म्हणजे सगळी पदं. प्रत्येक पदाची एक-एक, शेवटी 'यादीवर परत जा' ही आज्ञा. चित्र कापायची गरजच नाही. त्या दुकानदाराने चित्र कापलं, तिथे चूक झाली.

म्हणून कोणत्याही ऑथरिंग सॉफ्टवेअरला विचारायचा खरा प्रश्न एकच: हे मला साखळीपर्यंत हात पोचू देतं का, आणि किती?

सिनारिस्ट. मूळचं डायकिन कंपनीचं, २००१ मध्ये सॉनिक सोल्यूशन्सकडे आलं. हॉलीवूडच्या स्टुडिओंचं काम यावर व्हायचं. डीव्हीडीच्या तपशीलात जे जे आहे ते सगळं हाताशी: १६ सामान्य रजिस्टरं (प्लेअर आकडे लक्षात ठेवतो ते कप्पे), पीजीसीच्या आधीच्या आणि नंतरच्या आज्ञा, सेलनिहाय (चित्राच्या तुकड्यानिहाय) आज्ञा, सगळं. तुम्ही आणि डिस्क यांच्यात मध्यस्थ कुणी नाही. किंमत हजारो डॉलरमध्ये होती आणि बरोबर डाँगल, म्हणजे परवान्यासाठी संगणकाला लावायची किल्ली. आमच्याकडे एकाच मशीनवर होतं आणि त्यासाठी पाळी लावायला लागायची. शिकायला मला सहा महिने लागले. तुमच्या कामाला याची गरज नाही, हे मी त्याच्यावर प्रेम असूनही सांगतोय.

डीव्हीडी स्टुडिओ प्रो. माझ्या मते आजवरचं सगळ्यात समतोल साधन. अ‍ॅपलने २००१ मध्ये स्प्रूस ही कंपनी घेतली, तिचं डीव्हीडी माएस्ट्रो व्यावसायिकांत नावाजलेलं होतं, आणि त्याच पायावर २००३ ची दुसरी आवृत्ती आली. यात 'स्टोरी' नावाची सोय आहे: एका ट्रॅकवर खुणा करा, हव्या त्या खुणा हव्या त्या क्रमाने स्टोरीत टाका. तुमच्या पदांना अगदी नेमकं. शिवाय स्क्रिप्ट लिहिता येते. पण २०११ मध्ये फायनल कट स्टुडिओबरोबर ते बंद झालं, आणि मॅकओएस कॅटालिनापासून त्याच्यासारखे ३२-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. जुना मॅक जपून ठेवला असेल तरच.

एन्कोर. तुमच्याकडे आहे तेच. रजिस्टरांना हात लावू देत नाही, स्क्रिप्ट नाही. म्हणून आमच्यातले बरेच जण त्याला कमी लेखायचे. पण यात 'चॅप्टर प्लेलिस्ट' आहे आणि ती म्हणजे वर सांगितलेली साखळीच. प्रत्येक पदाची एक चॅप्टर प्लेलिस्ट करा, शेवटची क्रिया 'यादीचा मेन्यू' द्या. एवढंच नाही, मेन्यूतलं *कोणतं बटण* ते पण देता येतं. म्हणजे सातवं पद संपलं की कर्सर आठव्यावर येऊन थांबेल. हेच सिनारिस्टमध्ये करायला बटणाचा क्रमांक १०२४ ने गुणून रजिस्टरमध्ये ठेवावा लागतो.

एन्कोर २००३ मध्ये आलं, सीएस६ ही शेवटची आवृत्ती. ज्या मशीनवर चालतंय तिथून ते हलवू नका.

डीव्हीडी आर्किटेक्ट एक सिनेमा आणि दृश्यांची यादी एवढ्यासाठी उत्तम. सोनीने २०१६ मध्ये वेगासबरोबर ते मॅजिक्सला विकलं. डीव्हीडी-लॅब प्रो मात्र कमी पैशात सिनारिस्टच्या जवळ जाणारं होतं, बाणांना घाबरू नका, कागदावर नकाशा काढला की ते बाण ओळखीचे वाटतात. तरी माझं मत: एन्कोर.

---

पडद्यामागे

सांधेजोडदादा, इतकं समजावून कुणी सांगितलंच नव्हतं. दुकानदाराने चित्र कापलं आणि मीही तेच करायला निघाले होते. आज रात्रीच कागदावर नकाशा काढते.

एक शंका. चॅप्टर प्लेलिस्ट पदाच्या शेवटी थांबेल कशी? चॅप्टर तर पुढच्या पदापर्यंत चालतो ना?

---

सांधेजोड

बरोबर पकडलंत. पदाच्या सुरुवातीला एक खूण आणि पद संपून संवाद सुरू होतो तिथे दुसरी. ३८ पदांच्या ७६ खुणा. एका शीर्षकात ९९ चॅप्टरची मर्यादा आहे, बसतंय.

आणि खुणा एन्कोडिंगच्या (चित्र डीव्हीडीसाठी आवळून लिहिण्याच्या) *आधी* करा. चॅप्टर फक्त आय-फ्रेमवरच, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमवरच, सुरू होऊ शकतो. एमपेग-२ मध्ये (डीव्हीडीवरचं चित्र याच स्वरूपात असतं) पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीसाठी अशा दोन फ्रेममध्ये १५ पर्यंत अंतर असतं, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. आधी खूण असली तर एन्कोडर बरोबर तिथे आय-फ्रेम ठेवतो. नंतर खूण केली तर ती जवळच्या आय-फ्रेमला सरकते आणि पदाचा पहिला शब्द अर्धा जातो. खूण ऑर्गनच्या सुरावर ठेवू नका, त्याच्या आधीच्या निःशब्द क्षणावर ठेवा.

---

फोटोवाला_कोल्हापूर

लग्नाच्या हजारेक डीव्हीडी केल्या असतील, सगळ्या एन्कोरवर. सांधेजोड यांच्याशी सहमत. मेन्यूबद्दल माझे दोन शब्द.

मेन्यू फोटोशॉपमध्येच करा, एन्कोर लेअर तशाच्या तशा घेतं. बटणाच्या गटाच्या नावाआधी (+), उजळणाऱ्या भागाच्या लेअरआधी (=१), तो आकडा अर्थात इंग्रजी. उजळणारा भाग म्हणजे सबपिक्चर, त्याला पारदर्शक धरून चारच रंग मिळतात. म्हणून अक्षरच उजळवायला गेलात तर कडा दातेरी दिसतात. अक्षराखाली जाड रेघ किंवा बाजूला टिंब उजळवा, छान दिसतं.

पण खरी अडचण आपल्या लिपीची आहे आणि ती मला कुठल्याच इंग्रजी पुस्तकात सापडली नाही. शिरोरेखा. टीव्हीचं चित्र दोन फिल्डमध्ये येतं, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. शिरोरेखा एकाच ओळीइतकी बारीक असेल तर ती एकाच फिल्डमध्ये येते आणि जुन्या टीव्हीवर सेकंदाला पंचवीस वेळा लुकलुकते. संगणकावर काहीच कळत नाही. पहिल्या वर्षी मी एका पत्रिकेचा सुंदर बारीक टाईप मेन्यूवर घेतला आणि नवरीच्या आजोबांनी फोन केला, म्हणाले, बाळा, नावं थरथरतायत. तेव्हापासून शिरोरेखा कमीत कमी तीन ओळी जाड, जाड वळणाचा टाईप, आणि वरून उभ्या दिशेने अर्ध्या पिक्सेलचं धूसर. थरथर गेली.

एका पानावर १२ ते १४ च्या वर नावं नकोत. नियमाने ३६ बटणं चालतात, पण देवनागरीला वर वेलांटी खाली उकार, ओळींत जागा लागते. आणि चौकटीच्या चारही बाजूंनी दहा टक्के जागा मोकळी, नाहीतर जुना टीव्ही पहिलं अक्षर खातो.

अवांतर: जुन्या प्रोग्रॅममध्ये युनिकोड मराठी टाईप केलं की जोडाक्षरं फुटतात. मी श्रीलिपीचे जुने फाँट वापरतो. नसतील तर मजकूर दुसरीकडे टाईप करून चित्र म्हणून आणा.

---

रिमोट_कशाला

सगळ्यांचा मान राखून विचारतो, २ तास ५० मिनिटांची एक एमपी४ फाईल पेनड्राईव्हवर दिली तर? चित्र जास्त चांगलं राहील, टीव्हीला थेट लागतं.

---

पडद्यामागे

चित्र चांगलं राहील हे खरं आहे आणि पेनड्राईव्हही देणारच आहे, मुलांसाठी. पण साठपैकी चाळीस घरांत मी स्वतः फोन करून विचारलं. बत्तीस घरांत चालू अवस्थेत डीव्हीडी प्लेअर आहे आणि तो त्यांना वापरता येतो. पेनड्राईव्ह लावायला त्या नातवाची वाट बघतात. ज्या काकूंनी नायिका केली होती त्यांना 'पदं' दाबून स्वतःचं पद ऐकायचं आहे, दुपारी, घरात कुणी नसताना. त्यांच्यासाठी यादी हवी.

---

मावशी_न्यूजर्सी

माझे सासरे तुमच्या मंडळातलेच असावेत बहुतेक, म्हणून फार आनंद झाला. एक सांगते. भारतातून आलेल्या डिस्क इथल्या बऱ्याच प्लेअरवर चालत नाहीत. तुमच्याकडे पाल, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. इथे एनटीएससी, ७२० बाय ४८०. तिकडचे प्लेअर दोन्ही वाचतात, इथले बहुतेक नाही. रिजनचा (डिस्क कोणत्या देशांत चालावी याच्या कुलपाचा) प्रश्न वेगळा, तो घरच्या डिस्कला सगळ्या रिजनसाठी मोकळा ठेवला की मिटतो. आम्ही संगणकावर लावतो, तिथे पाल व्यवस्थित चालतं. त्यामुळे आमच्यासाठी एनटीएससी करत बसू नका, त्या रूपांतरात हालचाल विचित्र होते. पालच पाठवा.

---

सूरपेटी

आवाजाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. संगीत नाटक आहे, अर्धं काम आवाजाचं.

आवाज डॉल्बी एसी३ या आवळलेल्या स्वरूपात करताना दोन गोष्टी न बघता पुढे जाऊ नका. 'डायलॉग नॉर्मलायझेशन' (आवाजाची पातळी ठरवणारी नोंद) बहुतेक एन्कोडरमध्ये उणे २७ वर असतं, ते उणे ३१ करा. आणि 'कॉम्प्रेशन प्रोफाईल' (लहान-मोठा आवाज आपोआप सारखा करणारी सोय) फिल्म स्टँडर्डवर असतं, ते 'काही नाही' करा. नाहीतर काय होतं ऐका: गायक थांबला की मागची तानपुरा हळूहळू मोठी होते, त्याने स्वर लावला की ती एकदम खाली दबते. ज्याला कान आहे त्याला ते सहन होत नाही. मला वाटायचं की मूळ ध्वनिमुद्रणच वाईट. दोन वर्षं मी ध्वनिमुद्रकाला दोष देत होतो, नंतर कळलं. त्यांची माफी मागितली.

जागा असेल तर सरळ पीसीएम, म्हणजे न आवळलेला आवाज ठेवा, सेकंदाला १५३६ किलोबिट. ती आहे का, हे सांधेजोड सांगतील.

---

सांधेजोड

जागेचा हिशेब मांडूया. एकपदरी (एकच थर असलेल्या) डिस्कवर ४.७ जीबी. १७० मिनिटं त्यात घातली तर आवाज धरून सेकंदाला ३.७ मेगाबिट मिळतात. दिव्यांच्या प्रकाशातलं रंगमंचावरचं चित्र, मागे काळा पडदा, काळ्यात ठोकळे दिसणार. नको.

दुपदरी, ८.५ जीबी, सरासरी ६.७ मेगाबिट. हे पुरेसं आहे. पण पदर बदलताना बहुतेक प्लेअर क्षणभर थांबतात, तो थांबा मध्यंतरात यावा असं वाटतं ना? बसत नाही. पहिला पदर दुसऱ्याहून लहान असून चालत नाही. पहिला अंक ७० आणि उरलेले १००, इथे बदल करता येत नाही. दुसऱ्या अंकानंतर करायचा तर १२५ मिनिटांचं चित्र पहिल्या पदरात मावत नाही. म्हणजे थांबा दुसऱ्या अंकाच्या मध्येच कुठेतरी येणार.

म्हणून दोन एकपदरी डिस्क. पहिलीवर पहिला अंक: ८.९ मेगाबिट उपलब्ध, पीसीएम ठेवा, चित्र सरासरी ६ वर. घरी लिहिलेल्या डिस्कला चित्र आणि आवाज मिळून ८ च्या वर नेऊ नका, जुने प्लेअर अडखळतात. दुसरीवर १०० मिनिटं, ६.२ मेगाबिट, इथे पीसीएम घेतलं तर चित्राला साडेचारच उरतात, म्हणून एसी३ २५६ किलोबिटवर आणि चित्र साडेपाच मेगाबिटवर. दोन डिस्कचा आवाज वेगळा वाटू नये म्हणून सूरपेटी यांनी सांगितलेलं उणे ३१ फार महत्त्वाचं आहे.

आणि फिल्डचा क्रम. मिनीडीव्ही खालचं फिल्ड आधी देतं. एन्कोड करतानाही 'खालचं आधी' हेच ठेवा. उलटं झालं तर पात्र चाललं की चित्र मागेपुढे धडपडतं.

---

मुक्तस्रोत

उशिरा आलो. एन्कोरला विरोध नाही, पण एक काळजी आहे आणि ती ताईंनी मनावर घ्यावी असं वाटतं. एन्कोरचा प्रकल्प फक्त एन्कोरमध्येच उघडतो. तो संगणक बिघडला की पंधरा दिवसांची मेहनत डिस्कपुरती उरते.

मी डीव्हीडीऑथर वापरतो, लिनक्सवर. चित्रमय खिडकी नाही. एक्सएमएलची मजकूर फाईल लिहायची: हे शीर्षक, हे चॅप्टर, हे बटण, इथे जा. १३ रजिस्टरं वापरायला मिळतात, म्हणजे एन्कोरपेक्षा कितीतरी मोकळीक. डीव्हीडीस्टायलरच्या पोटातही हेच चालतं. ही मजकूर फाईल आणखी वीस वर्षांनीही कुणालाही वाचता येईल. तयार डिस्कच्या सूचना तपासायच्या असतील तर विंडोजवर पीजीसीएडिट मोफत आहे, प्रत्येक साखळी उघडून दाखवतं.

एन्कोरच वापरायचं तर एवढं करा: एन्कोड केलेलं चित्र आणि आवाज वेगळे जपून ठेवा, मेन्यूची मूळ चित्रं ठेवा, आणि ३८ पदांच्या सुरुवात-शेवटाच्या वेळा एका साध्या मजकूर फाईलमध्ये. मूळ डीव्ही फायली तर पुसूच नका.

---

पडद्यामागे

तीन आठवड्यांनी लिहितेय.

एन्कोरवर केलं. दोन डिस्क. पहिलीवर १४ पदं, एक पान. दुसरीवर १३ आणि ११ अशी दोन पानं. 'सगळी पदं सलग' दोन डिस्कमध्ये विभागलं गेलं, त्याला इलाज नव्हता. नकाशा वहीच्या चार पानांवर काढला होता, त्यामुळे जोडण्या एका संध्याकाळी झाल्या. खुणा करायलाच सहा दिवस लागले. दुसऱ्या अंकातल्या एका पदाआधी निःशब्द क्षणच नाही, संवादाच्या शेवटच्या शब्दावरच सूर लागतो. तिथे तो शब्द यादीतही येऊ दिला.

शिरोरेखेचं अगदी तसंच झालं. पहिल्या चाचणीत माझ्या सपाट टीव्हीवर सगळं ठीक होतं, काकूंच्या जुन्या डबा टीव्हीवर 'पदं' हा शब्द थरथरला. तीन ओळी जाड केली, थांबली.

मुक्तस्रोत, तुमचं ऐकलं. पीजीसीएडिटमध्ये डिस्क उघडली तेव्हा दोन चुका सापडल्या, नववं आणि बारावं पद एकमेकांच्या बटणावर परतत होतं. बघून बघून डोळ्यांना दिसलं नसतं. डिस्क ८ एक्स वेगाने लिहिल्या, प्रत्येक पडताळून. वर कागदी चिकटपट्टी लावली नाही, मार्करनेच नाव लिहिलं.

काल काकूंकडे लावली. पूर्ण नाटक नाही, थेट 'पदं'. त्यांनी रिमोट माझ्या हातातून घेतला, खाली खाली गेल्या, स्वतःचं पद लावलं. संपलं, यादी आली, कर्सर पुढच्यावर होता. पुढचं पद ऑर्गनवाल्या काकांच्या वादनाने सुरू होतं. त्यांनी तेही लावलं.

पदांच्या वेळांची फाईल, नकाशाचे फोटो आणि मेन्यूची रिकामी चौकट (जाड शिरोरेखेसह) ज्यांना हवी आहे त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवते. न्यूजर्सीच्या मावशी, तुमचा पत्ताही व्यनिनेच कळवा, पालच पाठवते.